सात मात्रा, तेरा मात्रा आणि एक अपुरी कॅसेट

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत प्रोग्रेसिव्ह रॉकवर, म्हणजे लांबलचक, विषम तालांत रमणाऱ्या रॉक संगीतावर, आलेला पानभर लेख मी तीनदा वाचला. पहिल्यांदा आनंदानं, कारण १९७०च्या दशकातल्या त्या इंग्लिश बँड्सवर मराठीत कुणी एवढं पान खर्ची घातलेलं सहसा दिसत नाही. दुसऱ्यांदा पेन्सिल घेऊन, कारण मी एकतीस वर्षं मुद्रितशोधन केलं आणि निवृत्त झाले तरी हात शिवशिवतात. तिसऱ्यांदा मात्र चिडून.

आधी पेन्सिलीचं उरकते. लेखात 'मेलोट्रॉन'चं तीन ठिकाणी 'मेलोड्रामा' झालं आहे. 'किंग क्रिम्झनने मेलोड्रामाचा मुबलक वापर केला' हे वाक्य काही वाचकांना पटलंही असेल, पण ही करामत मुद्राराक्षसाची, लेखकाची नव्हे, असं मी धरून चालते. मेलोट्रॉन हे पट्ट्यांचं वाद्य. प्रत्येक पट्टीखाली टेपचा एक तुकडा आणि त्यावर आधीच ध्वनिमुद्रित केलेला व्हायोलिनचा, बासरीचा किंवा गाणाऱ्या घोळक्याचा एक स्वर. पट्टी दाबली की टेप सरकते आणि सुमारे आठ सेकंदांत संपते. वादकाची इच्छा असो वा नसो, बोट उचलावंच लागतं. त्या गाण्यांतली तार-वाद्यं दम लागल्यासारखी का वाटतात, त्याचं उत्तर बरंचसं या आठ सेकंदांत आहे.

दुसरी चूक मुद्राराक्षसाच्या माथी मारता येणार नाही. लेखक म्हणतात की पिंक फ्लॉइडचं 'मनी' हे गाणं 'सुरुवातीपासून शेवटपर्यंत सात मात्रांत' आहे आणि तो सातचा हट्ट 'निव्वळ दिखाऊ' आहे. शेवटपर्यंत नाही. आणि जिथे तो सात सुटतो, तिथेच तर गाण्याची गंमत आहे.

'द डार्क साइड ऑफ द मून' हा अल्बम मार्च १९७३चा. 'मनी'च्या सुरुवातीला नाण्यांचा खणखणाट, कागद फाटल्याचा आवाज, गल्ल्याच्या यंत्राची घंटी असं सगळं येतं. त्या काळी हे बटण दाबून होत नव्हतं. सात आवाजांचे टेपचे तुकडे पट्टीनं मोजून एका लांबीचे कापले, एकमेकांना चिकटवले आणि ते कडं फिरवत ठेवलं. एका आवाजाला एक मात्रा. म्हणजे गाण्यातला सात हा आधी टेपच्या त्या कड्यात आहे, मग बास गिटारच्या तारेवर. रॉजर वॉटर्सची ती बासची चाल हाताच्या बोटांवर मोजून पाहा. सहापर्यंत सरळ जाते आणि सातव्यावर आपण आठव्याची वाट पाहत असताना पुन्हा पहिलीवर येऊन उभी राहते. दर आवर्तनात एक मात्रा कुणीतरी खिशात घातली, असं वाटत राहतं. शब्दांत बोलणारा माणूस पैशाबद्दल काय म्हणतो? पकडून ठेवा, माझ्या थप्पीला हात लावू नका. हे बोल पुऱ्या आठ मात्रांत गायले असते तर उपदेश झाला असता. सातात गायल्यामुळे बोलणाऱ्याचीच खोड उघडी पडते.

डिक पॅरीचा सॅक्सोफोनही त्या सातातच रेटून वाजतो. आणि मग डेव्हिड गिलमोरची गिटार येते आणि ताल सरळ चारात जातो. एकदम रस्ता रुंद होतो. मला तो भाग म्हणजे हातात पैसा खुळखुळणाऱ्या माणसाची ऐट वाटते. मध्येच तीच गिटार अगदी कोरडी होते, आजूबाजूची सगळी घुमार काढून टाकलेली, जणू भरल्या दिवाणखान्यातून कुणी बाजूच्या खोलीत नेऊन कानात बोलावं. पुन्हा भरगच्च होते. आणि मग शेवटच्या कडव्याला परत सात, परत ती चोरलेली मात्रा. त्या कडव्यात पैसा सगळ्या पापांचं मूळ असल्याचं 'लोक म्हणतात', पण पगारवाढ मागायला गेलात तर कुणी हात सैल सोडत नाही. सात-चार-सात हा नकाशा समोर ठेवल्याशिवाय या ओळीतला कुत्सितपणा कळत नाही.

आता मी चिडले ती कशानं, ते सांगते. लेखासोबतच्या चौकटीत तीन गाण्यांचे शब्द गद्य मराठीत उतरवून दिले आहेत आणि खाली निष्कर्ष: 'शब्द पोकळ, चाल बोजड.' अभंग आधी गद्यात लिहून काढायचा आणि मग यात ठेका कुठे आहे म्हणून विचारायचं, अशातला हा प्रकार झाला. त्या तिघांत एक गाणं किंग क्रिम्झनचं 'स्टारलेस' आहे. त्याच्याबद्दल लिहिल्याशिवाय मला राहवणार नाही, कारण ते गाणं मी स्वतः कितीतरी वर्षं चुकीचं समजत होते.

माझ्या धाकट्या भावाला या संगीताचं वेड. मला त्याच्यामुळे लागलं. त्यानं एका साठ मिनिटांच्या कॅसेटवर मला निवडक गाणी भरून दिली होती आणि पहिल्या बाजूच्या शेवटी 'स्टारलेस' होतं. कॅसेटच्या कागदावर त्याच्या बारीक अक्षरात गाण्यांची नावं, आणि या नावापुढे कंसात 'अपु.'. प्रुफांत आयुष्य घालवलेल्या बाईनं याचा अर्थ लगेच लावायला हवा होता. मी तो बँडमधल्या कुणाच्या नावाचा संक्षेप समजत होते. गाणं मंद सुरू व्हायचं, जॉन वेटन तीन कडवी गायचा, मग बासवर एक खोल, घोटाळणारी चाल सुरू व्हायची, तिच्यावर गिटारचा एकच स्वर टोचत राहायचा, वर वर सरकायचा, अगदी असह्य व्हायला लागायचा आणि खट्. बाजू संपली. मला वाटायचं, गाणं असंच संपतं. काय जबरदस्त शेवट आहे, असं मी चार लोकांना सांगितलंही होतं.

गाणं बारा मिनिटांहून थोडं मोठं आहे. माझ्या कॅसेटवर सुमारे नऊ होती.

'स्टारलेस' १९७४च्या 'रेड' या अल्बमचं शेवटचं गाणं. अल्बम बाजारात यायच्या थोडंच आधी गिटारवादक रॉबर्ट फ्रिपनं बँड मोडून टाकला होता, त्यामुळे तेव्हा तरी ते बँडचंही शेवटचं गाणं ठरलं. त्याची मूळ कल्पना वेटनची. आधी ती फ्रिप आणि ड्रमर बिल ब्रुफर्ड यांना रुचली नव्हती, गाणं बाजूला पडलं आणि त्याचं नाव तेवढं आधीच्या अल्बमला देऊन टाकलं: 'स्टारलेस अँड बायबल ब्लॅक'. हे शब्द वेल्श कवी डिलन थॉमसच्या 'अंडर मिल्क वुड' या नभोनाट्याच्या सुरुवातीचे. रात्र किती काळी, तर बायबलच्या पुठ्ठ्यासारखी. थॉमसकडे 'बायबल' आणि 'ब्लॅक' या दोन शब्दांच्या मध्ये संयोगचिन्ह आहे, अल्बमवर नाही. ही नोंद कुणाच्या उपयोगाची नाही हे मला माहीत आहे, पण मी ती वगळू शकत नाही.

शब्द गीतकार रिचर्ड पामर-जेम्स आणि वेटन यांचे. आपल्या लेखकांनी भाषांतर केलं तसं केलं तर हाती एवढंच लागतं: मावळतीचं सोनं, जुना मित्र, राखाडी आकाश, उदास माणूस. पण कडव्यांची बांधणी बघा. पहिल्या कडव्यात एक ओळ 'डोळे' या शब्दावर संपते आणि पुढची ओळ तेच डोळे घेऊन उठते. मात्र आता ते आत वळलेले असतात. दुसऱ्यात एक ओळ मित्राच्या 'हसण्या'वर संपते, पुढची ते हसणं उचलते आणि त्याखालचा रितेपणा दाखवते. तिसऱ्यात आकाश विरत विरत 'राखाडी'वर येऊन थांबतं आणि पुढच्या ओळीत आशाच राखाडी होते. तीन कडवी, तीन सांधे. आपल्याकडे चरणाच्या शेवटचे शब्द पुढच्या चरणाच्या आरंभी आले की त्याला दामयमक म्हणतात; हे काटेकोर दामयमक नाही, पण त्याच घरातलं आहे. आणि प्रत्येक वेळी शब्द तोच राहतो, अर्थ मात्र एक पायरी खाली उतरतो. डोळे बाहेरचे, मग आतले. हसू आधी दिसतं, मग त्याच्यातली पोकळी. राखाडी रंग आधी आकाशाचा, मग मनाचा. तिन्ही कडवी त्याच काळ्या, ताऱ्यांविना असलेल्या रात्रीवर येऊन टेकतात.

ही तीन कडवी झाली की माणसाचा आवाज संपतो. गाण्याचा दोन तृतीयांश भाग अजून उरलेला असतो आणि त्यात एक शब्द नाही. आणि तिथे काय होतं? तेरा मात्रांच्या आवर्तनावर फ्रिप एकच स्वर दोन तारांवर वाजवत राहतो. तोच स्वर या तारेवर, तोच त्या तारेवर. स्वर एक, पण तार बदलली की त्याचा पोत बदलतो. मग अर्धा स्वर वर. पुन्हा तेच. मी हे किती वेळा ऐकलं तेव्हा कुठे लक्षात आलं, की शब्दांनी जे केलं तेच आता गिटार करते आहे: एक गोष्ट ठेवायची, ती पुन्हा उचलायची आणि उचलताना तिला थोडं सरकवायचं. शब्द खाली सरकत होते, गिटार वर सरकते. कवितेचा सांधा सुरांत आला आहे. हे बँडनं ठरवून केलं की आपसूक झालं, ते मला ठाऊक असण्याचं कारण नाही, पण कानावर तर पडतं.

तेरा मात्रा मोजण्यावरून माझं आणि माझ्या भाच्याचं भांडण आहे. मी चार-चार-पाच मोजते. तो ड्रम वाजवतो आणि म्हणतो, "आत्या, तू मोजतेस कशाला? त्या चालीला पाय लावून दे, आपोआप येते." मी मोजल्याशिवाय पाय कुठे लावू? असो. मोजा किंवा मोजू नका, तेरामध्ये आवर्तन नेहमी अपेक्षेच्या किंचित अलीकडे किंवा पलीकडे पडतं. पाय ठरत नाही. ब्रुफर्ड सुरुवातीला धड ठेकाही देत नाही, सुटे सुटे ठोके टाकत राहतो, लाकडावर, धातूवर, जशी काही अंधारात वस्तू चाचपून पाहावी. मग हळूहळू ठेका भरीव होतो, गिटारचा तो एक स्वर करवतीसारखा होतो आणि एका क्षणी सगळं दुप्पट वेगात सुटतं, सॅक्सोफोन किंचाळायला लागतो.

हे दुप्पट वेगाचं मी ऐकलं ते फार उशिरा, भावाकडे मूळ रेकॉर्ड लागली तेव्हा. मी उठून निघणार होते. तो म्हणाला, "ताई, बस. संपलं नाहीये." मला वाटलं, थट्टा करतोय. मग ती धावपळ टिपेला गेली आणि तिच्यातून गाण्याच्या अगदी आरंभी जी हळवी सुरावट गिटारवर आली होती, ती परत आली. सगळा बँड मिळून, पूर्ण आवाजात, मेलोट्रॉनची दम लागलेली तार-वाद्यं मागे पसरलेली. आरंभी ती सुरावट संध्याकाळसारखी होती. आता तिच्यात काय काय मिसळलं होतं ते मला त्या दिवशी सांगता आलं नाही, आजही नीटसं येत नाही. वेटन मात्र परत गात नाही. चाल घरी येते, शब्द येत नाहीत. मी सोफ्यावर बसून होते आणि मला पहिल्यांदा त्या 'अपु.'चा अर्थ लागला. अपूर्ण. त्यानं प्रामाणिकपणे लिहून ठेवलं होतं.

तर संपादक महाशय, ज्या गाण्याचा निकाल आपल्या लेखकांनी पहिल्या चार मिनिटांच्या शब्दांवर लावला, त्याचा निकाल मी नऊ मिनिटांवर लावला होता. त्यांना फार बोलण्याचा मला अधिकार नाही. पण माझ्याकडे निदान कॅसेटचं निमित्त होतं.

शब्दांची साखळी विनोदासाठीही वापरता येते, हे जेनेसिस या बँडकडे पाहावं. 'सपर्स रेडी' हे १९७२च्या 'फॉक्सट्रॉट'मधलं जवळजवळ तेवीस मिनिटांचं, सात भागांचं गाणं. त्यातल्या 'विलो फार्म' या भागात एका वस्तूचं दुसरीत, दुसरीचं तिसरीत रूपांतर होत जातं, निव्वळ यमकाच्या आणि गमतीच्या जोरावर, मुलांच्या बडबडगाण्यासारखं. तिथे साखळीतली प्रत्येक कडी आधीच्या कडीला खोटं पाडते, म्हणून हसू येतं. 'स्टारलेस'मध्ये ती आधीच्या कडीला खरं करते. जेनेसिसचा विनोद ओसरला की बासरी आणि मग नऊ मात्रांचा तो प्रसिद्ध भाग येतो, तीन-दोन-चार असा फोडलेला. त्याच्यावर टोनी बँक्सचा ऑर्गन चढत जातो, बायबलमधल्या प्रलयाचे उल्लेख येतात आणि शेवटाला गाण्याच्या पहिल्या भागातली, दोन प्रेमिकांच्या खोलीतली सुरावट परत येते. इथे पीटर गॅब्रिएल मात्र गातो. एका खोलीत जी चाल दोन माणसांना पुरत होती, तिच्यावर आता नव्या नगरीचे, मुक्तीचे शब्द. चाल तीच, माप बदललं. मला यात थोडा भपका वाटतो, कबूल करते. क्रिम्झननं शब्द परत आणले नाहीत, तो संयम मला अधिक भावतो. पण भपका वाटणं निराळं आणि पोकळ म्हणणं निराळं.

गद्य भाषांतरात काय काय सांडतं, याचा सगळ्यात मजेदार पुरावा ज्या गाण्यात शब्दच नाहीत तिथे मिळाला. कॅनडाच्या रश या बँडचं 'वायवायझेड', अल्बम 'मूव्हिंग पिक्चर्स', १९८१. भाचा टेबलावर पेन आपटत होता आणि मी मोजत होते. तो म्हणाला, "आत्या, हा मोर्स आहे." टोरांटोच्या विमानतळाची खूण ही तीन अक्षरं, आणि गाण्याची सुरुवात म्हणजे तीच अक्षरं मोर्सच्या, म्हणजे तारायंत्राच्या टिंब-रेघांच्या, भाषेत ठोकलेली. मी कागद घेतला. मोर्सची रेघ म्हणजे गुरू, दोन मात्रा. टिंब म्हणजे लघू, एक मात्रा. 'वाय' म्हणजे रेघ-टिंब-रेघ-रेघ: गुरू, लघू, गुरू, गुरू. सात. दुसरा 'वाय', आणखी सात. 'झेड' म्हणजे रेघ-रेघ-टिंब-टिंब: सहा. एकूण वीस. आणि वीस छोट्या मात्रा म्हणजे चाराचे पाच गट, म्हणून ती सुरुवात पाचात पडते. भाचा माझ्या कागदाकडे बघत राहिला. लघू-गुरूच्या खुणा त्यानं शाळा सुटल्यावर प्रथमच पाहिल्या असाव्यात. इथे पाच मात्रांचा विषम ताल कुणी मिरवण्यासाठी निवडलेला नाही, शब्द लिहिला तर तेवढाच भरतो. म्हणजे गाण्यात शब्द आहेच, फक्त तो ठोक्यांत आहे.

उलट टोकाला जेंटल जायंट. 'ऑक्टोपस' या १९७२च्या अल्बममधलं 'नॉट्स' हे गाणं मनोविकारतज्ज्ञ आर. डी. लेंग यांच्या त्याच नावाच्या पुस्तकावरून सुचलेलं. माणसं एकमेकांच्या मनात काय चाललंय याचा विचार करत करत कशा गाठी मारून घेतात, हा विषय. बँडनं काय केलं, तर वाक्यांचे तुकडे करून निरनिराळ्या आवाजांत वाटून टाकले; एकाचं वाक्य संपायच्या आत दुसऱ्याचं सुरू. पहिल्यांदा ऐकताना अर्थ लागत नाही. लागू नये अशीच ती मांडणी आहे. अशा गाण्याचे शब्द चौकटीत एकाखाली एक छापले की गाठ सुटते आणि मग हातात नुसता दोरा उरतो.

सुरांबद्दल लेखात फक्त 'बोजड' हा एकच शब्द आहे, म्हणून एक अगदी जवळून दाखवते. पिंक फ्लॉइडचं 'शाइन ऑन यू क्रेझी डायमंड', १९७५. सुमारे चार मिनिटं नुसतं धुकं, आणि मग गिटारवर एकटेच चार स्वर. घरात पेटी असेल तर वाजवून बघा. पाश्चात्त्य जी हा षड्ज धरला तर ते चार स्वर असे: कोमल गंधार, तिथून उडी मारून कोमल निषाद, मग खाली षड्ज, आणि शेवटी शुद्ध धैवत. चौघांत सगळी जादू त्या धैवताची आहे. आधीचे तीन ऐकून कान उदास, मिटलेल्या शेवटाची तयारी करतो. तिथे कोमल धैवत आला असता तर दुःख पुरं झालं असतं आणि विषय मिटला असता. शुद्ध धैवत तो मिटू देत नाही. पहिल्या गंधाराशी त्याचं पटतही नाही; ते दोन स्वर एकत्र दाबून पाहा, पेटी कुरकुरते. वाक्य अर्धवट सोडून कुणी दाराकडे बघत राहावं, तसे हे चार स्वर लटकत राहतात, घुमतात आणि पुन्हा येतात.

हे चार स्वर गिलमोरला सहज सापडले, वॉटर्सला त्यांनी पछाडलं आणि त्यानं त्यांवर शब्द लिहिले ते सिड बॅरेटबद्दल. बॅरेट या बँडचा पहिला म्होरक्या, १९६८ साली मनाचा तोल ढळून बाजूला पडलेला. ५ जून १९७५ रोजी तो ॲबी रोड स्टुडिओत अचानक येऊन उभा राहिला. लठ्ठ झालेला, डोक्याचे आणि भुवयांचे केस काढलेले, आणि जुन्या मित्रांनी त्याला बराच वेळ ओळखलंच नाही. ही हकिकत सगळेच सांगतात, आपल्या लेखातही आहे. पण लेखक ती सांगतात आणि मग म्हणतात की गाण्यात आवाज यायला साडेआठ मिनिटांहून जास्त लागतात, हा 'श्रोत्याच्या वेळेचा अपव्यय'. जो माणूस समोर असून ओळखू येत नाही, त्याच्या गाण्यात त्याला हाक मारायला एवढा वेळ लागावा, यात मला तरी काही गैर दिसत नाही. आधी हाक चार स्वरांनी मारली आहे. उत्तर आलं नाही, म्हणून शब्द.

वेळेच्या अपव्ययाचा विषय निघालाच आहे, तर याच बँडचं 'टाइम' ऐकावं. अनेक घड्याळांचे गजर एकदम होतात. हे गजर अभियंता ॲलन पार्सन्सनं जुन्या घड्याळांच्या दुकानात एकेक करून ध्वनिमुद्रित केले होते. दचकून आपण सरसावून बसतो, आणि मग? निक मेसनचे लहान ड्रम सावकाश घुमत राहतात. दोन मिनिटं काहीच 'सुरू' होत नाही. आणि जेव्हा गिलमोर गायला लागतो, तेव्हा तो सांगतो की तू तास वाया घालवतोयस, शर्यतीचा बार कधी उडाला ते तुला कळलंच नाही. अहो, आत्ताच तर आपण दोन मिनिटं वाट बघत बसलो होतो! गाण्यानं आपल्याला रंगेहाथ पकडलेलं असतं. हे मला तिशीत फक्त हुशारीचं वाटलं होतं. आता वाटतं ते निराळं.

लेखकांचं सगळंच चुकलंय असं नाही. येस या बँडचे शब्द बऱ्याचदा अर्थापेक्षा नादासाठी जुळवलेले असतात, हे त्यांचं म्हणणं मान्य. जॉन अँडरसनचा आवाज उंच आणि स्वच्छ, आणि त्याला स्वर लांबवायला सोयीचे शब्द लागतात. 'क्लोज टू द एज'मध्ये हे खपून जातं, कारण तिथे चालच इतक्या वेळा रूप बदलते, आणि मध्ये लंडनच्या सेंट जाइल्स क्रिपलगेट चर्चचा रिक वेकमननं वाजवलेला ऑर्गन उघडतो तेव्हा शब्दांकडे कुणाचं लक्षही नसतं. पण त्यानंतरचा 'टेल्स फ्रॉम टोपोग्राफिक ओशन्स' मला आजवर सलग ऐकवलेला नाही. चार बाजू, चार गाणी, ऐंशी मिनिटांच्या वर. कल्पना सुचली ती परमहंस योगानंदांच्या आत्मचरित्रातल्या एका तळटीपेवरून. मी आयुष्यात हजारो तळटीपा तपासल्या. तळटीप तळाला असते याला कारण असतं. वेकमनलाही ते प्रकरण झेपलं नाही आणि १९७४मध्ये त्यानं बँड सोडला. इथे आपल्या लेखकांनी खुशाल 'बोजड' म्हणावं, मी खाली सही करीन.

आणि ज्या बँडनं या सगळ्या डामडौलाची तेव्हाच टिंगल केली होती, त्याचा लेखात उल्लेखच नाही. जेथ्रो टल. १९७२चा 'थिक ॲज अ ब्रिक' हा अल्बम म्हणजे दोन्ही बाजू मिळून एकच गाणं, शब्द म्हणे जेराल्ड बॉस्टॉक नावाच्या एका शाळकरी मुलाच्या कवितेचे. मुलगा काल्पनिक, कविता इयन अँडरसनची, आणि सगळा बेत अशा भारदस्त अल्बमांची चेष्टा करण्याचा. त्याचं वेष्टन एका खोट्या स्थानिक वृत्तपत्राचं आहे, बारा पानांचं, बातम्या-जाहिरातींसकट. वृत्तपत्राच्या संपादकांना हे मी मुद्दाम सांगते आहे. अंक मिळाला तर प्रुफं वाचायला मी तयार आहे.

माझी मागणी लहान आहे. 'मनी'बद्दलची दुरुस्ती छापावी: कडवी आणि सॅक्सोफोन सातात, गिटार चारात. मेलोट्रॉनचं मेलोट्रॉन करावं, तिन्ही ठिकाणी. आणि 'स्टारलेस'चे शब्द पुन्हा कधी चौकटीत छापलेत, तर त्यांच्या शेवटी कंसात माझ्या भावासारखं 'अपु.' एवढं घालावं. टिंबासकट.

आपली,
एक निवृत्त मुद्रितशोधक
(नाव-पत्ता आपल्याकडे आहे, छापू नये.)